माझी बहीण द्वारका

१० मे

आज मी ‘सोबती’ झाले. बालगृहातली मुलं अठरा पूर्ण झाली की बाहेर पडतात. बाहेर म्हणजे कुठे, ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून पहिलं वर्षभर तरी त्यांच्या ओळखीचं एखादं माणूस गावात असावं, अशी ही संस्थेची योजना. खोली बघायला सोबत जायचं, बँकेत जायचं, ताप आला तर विचारपूस करायची. प्रशिक्षण द्यायला आलेल्या बाई माझ्या आरोहीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. मुलीची आई व्हायला जाऊ नका. महिन्यातून दोनदाच भेटा, सवय लावू नका. खोटं बोलू नका. तिच्याशी नाही आणि तिच्यासाठीही नाही.

शेवटचा नियम मी उतरवूनसुद्धा घेतला नाही. वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवतेय आणि कॉप्या पकडतेय. पोरगं बाकावर नुसतं सरकून बसलं तरी मला त्याच्या मोज्यातली चिठ्ठी दिसते.

ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “आरोही पुण्याला गेली, तर दुसरी आणतेस की काय?”

म्हटलं, नियम पहिला.

“तो त्यांनी तुला बघून लिहिला असेल,” हे म्हणाले. ह्यांना प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

१४ मे

वर्षाराणीला भेटले. अधीक्षिका तुळजाबाईंनी ओळख करून दिली ती अशी: “नाव राणीचं, डोकं वकिलाचं. सांभाळा.” कुणी कुणाला, ते मात्र बोलल्या नाहीत.

सडपातळ, घट्ट वेणी, आणि डोळे असे की आपल्या पाठीमागे कोण उभं आहे तेही त्यांना दिसावं. पालीच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर गेल्या महिन्यापासून कामाला आहे. मी प्रश्न ठरवून गेले होते. मुलाखत तिनंच घेतली.

“मॅडम, तुमी लवकर रडता का?”

“नाही. का गं?”

“आधी एक मॅडम यायच्या. लई रडायच्या. आमालाच पाणी आणून द्यावं लागायचं. नाव काय तुमचं?”

“अयोध्या.”

“आन् सरांचं?”

सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. “बिभीषण.”

ती भिंतीला धरून हसली. माझ्या लग्नात मामा म्हणाले होते, लंकेचा पाहुणा अयोध्येला कायमचा राहायला आला. त्यानंतर आमच्या नावांना इतकं मनापासून कुणी हसलं नव्हतं.

निघताना तुळजाबाईंनी बाजूला घेतलं. महिनाअखेर खोली मिळाली नाही तर तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या, मोठ्या मुलींच्या वसतिगृहात पाठवावं लागेल. म्हणजे पंपावरची नोकरी गेली.

“मला बीड सोडायचं न्हाई,” वर्षाराणी म्हणाली. “हितली कुत्रीसुदिक वळखतात मला. नव्या गावात पार कुत्र्यांपास्नं सुरुवात करावी लागंल.”

२० मे

खोल्या बघत फिरलो. पहिल्या घरमालकानं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग पुन्हा आडनाव. दुसऱ्या घरच्या बाई चांगल्या वाटल्या, सरबत दिलं. “पोरगी एकटी कावून राहते? आईबाप कुठं असतात?” मी खरं ते सांगितलं. त्यांनी अर्धे भरलेले ग्लास उचलले आणि म्हणाल्या, “आमची खोली तशी रिकामी न्हाईच.”

समोर खोली होती. दार सताड उघडं, आत फक्त एक मांजर.

बाहेर आल्यावर वर्षाराणीनं पदर घेतल्यासारखं करून त्यांची हुबेहूब नक्कल केली. “आमची खोली तशी रिकामी न्हाईच. मांजर राहतंय. आडनाव चांगलं हाय त्याचं.” मी भर रस्त्यात उभी राहून हसले. घरी आल्यावर मात्र हसू येईना. तिला सवय आहे असं दिसतं. मला नाही.

२४ मे

खोली मिळाली! कशी मिळाली ते इथेच लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

बार्शी नाक्याच्या मागच्या बोळात केशरबाईंचं घर. अंगणात कडुनिंब, मागच्या बाजूला वेगळ्या दाराची एक खोली. केशरबाई साठीच्या, अंगानं काटकीसारख्या, आवाज मात्र गल्लीभर. त्यांनी वर्षाराणीकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, “तुमची कोण लागते?”

मला पुन्हा ते उचललेले सरबताचे ग्लास दिसले. तोंडातून निघालं, “भाची. माझ्या बहिणीची मुलगी.”

मला बहीण नाही.

“आन् हिचे आईबाप?”

“ऊसतोडीला गेलेत. कर्नाटकात, कारखान्यावर.” इतकं सहज आलं की माझी मीच चकित झाले. बीड जिल्ह्यात याहून खरं वाटेल असं खोटं सापडणार नाही. गावंच्या गावं कोयता घेऊन जातात.

केशरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग निंबाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. “आस्सं,” म्हणाल्या. “लांब गेलेत.”

“मावशी,” वर्षाराणी मागून म्हणाली, जन्मापासून म्हणत आल्यासारखी, “खोली चांगली हाय.”

किल्ली हातात पडली.

परतताना रिक्षा नाक्यावर आल्यावर ती म्हणाली, “तुमाला कुणी सांगितलं?”

“काय?”

“माझी आई ऊसतोडीला होती ते.”

मला काहीच माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

“मग नेम चांगला हाय तुमचा,” ती म्हणाली आणि बर्फाचा गोळा खायचा का, असं विचारलं. खाल्ला. दोघींच्या जिभा लाल झाल्या.

२५ मे

जेवताना ह्यांना सांगितलं. घास अडकेपर्यंत हसले.

“मे महिन्यात? मे महिन्यात कोण ऊस तोडतं गं, अयोध्या? कारखाने कधीच बंद झाले. टोळ्या घरी आल्या, पोरांची लग्नं लागली, कोयते आढ्याला खोचले.”

जन्म याच जिल्ह्यात गेला, माहेर केजजवळ. दर दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे होताना बघते आणि उन्हाळा लागता लागता पोरं परत येताना बघते. आणि तोंडातून हे! पण केशरबाईंच्या लक्षात आलं नसावं. आलं असतं तर किल्ली दिली असती का? शहरात राहिलेल्या बाई. ऊस रसवंतीतच पाहिला असेल.

“जा आणि खरं काय ते सांगून टाक,” हे म्हणाले.

“आणि त्यांनी किल्ली परत मागितली तर?”

ह्यांनी ताक वाढून घेतलं. ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, “वीटभट्टी पाऊस पडेपर्यंत चालते.”

असा हा बिभीषण. लोक उगाच त्याला सत्याच्या बाजूचा समजतात.

१ जून

वर्षाराणी राहायला गेली. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि बालगृहातल्या मुलींनी मिळून दिलेला आरसा. आरोहीची गादी दिली, नुसती पडून होती. उशीही दिली. तिचं टेबलही दिलं, पण ते नियमात बसत नाही असं वाटून “तात्पुरतं” म्हणाले. ह्यांनी पंखा बसवला.

केशरबाईंना मी सहज बोलता बोलता सांगितलं की बहीण आणि भावजी कारखाना संपवून परस्पर वीटभट्टीवर गेले, म्हणून अजून आले नाहीत.

“कर्नाटकातच?”

“कर्नाटकातच.”

“लई कष्टाळू हायत बिचारे,” केशरबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून लगबगीनं आत गेल्या. भरून आलं असावं. मला इतकं अपराधी वाटलं! वर्षाराणी मात्र वर पंख्याकडे बघत उभी होती. तिचे खांदे हलत होते. पंख्याचा वारा चांगला लागतोय म्हणाली.

१२ जून

पाऊस झाला, भट्ट्या बंद झाल्या. मुकाट्यानं जाऊन बहिणीला आजारी पाडून आले. मिरजेच्या दवाखान्यात आहे, भावजी उशाशी बसून आहेत.

या महिन्यातल्या दोन भेटी कधीच संपल्या. पण याला भेट म्हणता येणार नाही, ही दुरुस्ती आहे. शाळा सुरू झाली की मुळीच वेळ मिळणार नाही.

२२ जून

शाळा सुरू झाली. तरी गेले. नवीन काही सांगायचं नव्हतं, पण तेच तेच खोटं फार दिवस तसंच ठेवलं तर संशय येतो.

फाटकातच थांबले, कारण दोघींचं बोलणं चाललं होतं. केशरबाई ओट्यावर गहू निवडत होत्या, वर्षाराणी त्यांच्या पायाशी बसून केस विंचरत होती.

“मंग सांग, आई कशी हाय तुझी?”

“उंच. भाकरी थापती तर आवाज बोळाच्या टोकापर्यंत.”

“चिडती का?”

“लई! पण जेवायच्या टायमाला न्हाई. आन् झोका एवढा वर घेती, एवढा वर, सगळ्या बाया खालनं वरडतात, अगं पडशील. ती खाली बगतच न्हाई.”

“मला बी आसंच वाटलं व्हतं,” केशरबाई म्हणाल्या. बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिल्या. सुपात खडे नव्हते.

काय सफाई! एक शब्द अडखळला नाही. मला पोरीची काळजीच वाटली; इतकं सुंदर खोटं बोलणारी मुलगी माझ्या वर्गात कधी निघाली नाही. नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं, बाई गं, इतके तपशील देऊ नयेत, पुढे आपल्याच लक्षात राहत नाहीत.

“हे राहतील,” ती म्हणाली.

चहा देताना केशरबाईंनी विचारलं, “बहिणीचं नाव काय वो तुमच्या?” मी म्हटलं, द्वारका. अयोध्येची बहीण दुसरी कोण असणार?

४ जुलै

ह्यांनी पंपावर गाडी नेली तर वर्षाराणी नळी हातात धरून म्हणाली, “सर, पालीच्या धरणावर भजी खाऊन आलात. मिशीला तेल हाय. मावशीला सांगू का टाकी फुल करू?” ह्यांनी टाकी फुल केली. आणि घरी येऊन हे सगळं स्वतःच मला सांगितलं, वर “काय पोरगी आहे!” म्हणाले. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, त्याचं काय?

१० जुलै

घात झाला. केशरबाईंनी तब्येत विचारली आणि मी म्हणून गेले, “मथुरा आता बरी आहे.”

“मथुरा? मागं द्वारका म्हणला व्हता.”

“द्वारका सासरचं. माहेरचं मथुरा.”

“वडलांनी तीर्थयात्राच काढली व्हती म्हणा की. काशी बी हाय का एखादी?”

वर्षाराणी निंबामागे गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

१९ जुलै

ज्याची भीती होती तेच झालं.

“पंचमी आली,” केशरबाई म्हणाल्या. “मी निंबाला झोका बांधणार हाय. दोन महिने व्हत आले, पोरगी माझ्या घरात राहती, आन् तिच्या घरचं बाईमाणूस मी बघितलं न्हाई. पंचमीला ते माझ्या दारात आलं पाहिजे. बगते, बोलते, मग खोलीचं पुढलं ठरवते.”

“पण द्वारका अजून मिरजेला...”

“मंग लवकर बरी व्हईल. सोमवारी मी परळीला चाललेय, वैजनाथाला अभिषेक घालते.”

म्हणजे नसलेल्या बाईसाठी आता देवालाही कामाला लावलं. आणि पंचमीला द्वारका दिसली नाही तर खोली गेली. तुळजाबाईंचा निरोप येईल, ते वसतिगृह, तो दुसरा जिल्हा. मी वर्षाराणीला म्हटलं, आता काय करायचं गं?

“तुमी करा काय करायचं ते,” ती म्हणाली. “मी हाय.” आणि टेबलावर ताल धरून गुणगुणायला लागली. वयच असं, गांभीर्य कळत नाही.

२३ जुलै

विमलबाई आमच्याकडे भांडी घासते. आमच्या गल्लीच्या गणपतीत तिनं एकदा जिजाऊंचं काम केलं होतं, ते अजून तिच्या अंगातून गेलेलं नाही. तिला सगळं सांगितलं. मी विचारायच्या आतच तिनं हात पुसले.

“करते. वैनी, रडायचं का?”

“थोडंसं.”

“थोडंसं मला येत न्हाई.”

मग म्हणाली, तुमची हिरवी इरकल लागेल. मी म्हटलं, अगं, दवाखान्यातून आलेली ऊसतोड मजूर आहेस तू. तर म्हणे, “मजूर असली म्हणून पंचमीला फाटकं नेसून येईल का? तुमाला काय म्हायती नसतं, वैनी.”

इरकल दिली. हे बघताहेत आणि मधूनच उठून गॅलरीत जातात.

२६ जुलै

तालीम घेतली. विमलबाईला वर्षाराणीचा फोटो दाखवला. माझ्याकडे एकच आहे, पंपावरचा. डोक्याला टोपी, तोंडाला स्कार्फ. “डोळ्यांवरून वळखते,” विमलबाई म्हणाली. “आई हाय मी.”

भावाचा, धोंडीरामचा, फोन आला होता. पाऊसपाणी, सोयाबीन, पोराचा प्रवेश. ठेवता ठेवता म्हणाला, “ये कधीतरी, बाई.” आई होती तोवर पंचमीच्या आधी मुराळी यायचा. बहुतेक धोंडीरामच. मोटारसायकलीला पिशवी, पिशवीत आईनं दिलेल्या ज्वारीच्या लाह्या. माहेरवाशिणीनं आपापलं एसटीनं जायचं नसतं, न्यायला माणूस येतो, मगच जायचं. आई गेल्यावर ते थांबलं. भांडण-बिंडण काही नाही. आणि सणाची सुट्टी मोकळी मिळते, घरातली कामं उरकतात. बरंच आहे.

२८ जुलै

भावाचा उपवास. धरला. सवय.

२९ जुलै, पंचमी

सगळं नीट क्रमानं लिहायला हवं.

सकाळी दाराशी हॉर्न वाजला. बघते तर वर्षाराणी. जांभळी साडी, हातभर मेंदी, ओळखूच येईना. पंपावरच्या कुणाची तरी स्कूटी आणलेली, हँडलला पिशवी.

“चला मावशी. मुराळी आलोय.”

“काय?”

“केशरकाकूनं पाठवलंय. म्हणल्या, माहेरवाशीण आपल्या पायानं येत नसती. हे घ्या.” पिशवीत लाह्या होत्या.

मी म्हटलं, अगं रिक्षानं आले असते. आणि स्वयंपाकघरात जाऊन भांड्यात पाणी घेतलं आणि तिथंच उभी राहिले. ती मागून आली.

“रडणार न्हाई म्हणला होता तुमी.”

“कांदा चिरत होते.”

“पंचमीला?” ती म्हणाली. “आज काही चिरत न्हाईत, मावशी. तुमाला महिन्याचं कळत न्हाई न् सणाचं बी कळत न्हाई.”

निघालो. विमलबाई मागाहून मिरजेहून यायची होती, म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतून, रिक्षानं.

अंगण बायकांनी भरलेलं. निंबाला जाड दोराचा झोका, शेजारच्या सुभद्राबाईंची राजनंदिनी नव्यानं माहेरी आलेली, ती झोक्याजवळ उभी. सुभद्राबाई तिच्या बाजूलाच. वर्षाराणी झाडाच्या बुंध्याला टेकून बसली. केशरबाई ओट्यावर, परातीत पुरणाचे दिंड, मला शेजारी बसवून घेतलं आणि फाटकाकडे डोळे लावून बसल्या. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य घोकत होते: ही माझी बहीण, आत्ताच दवाखान्यातून.

रिक्षा थांबली. विमलबाई उतरली. हिरवी इरकल, नाकात नथ, आणि आजारी दिसावं म्हणून कपाळाला सुंठीचा लेप. तिनं फाटकात उभं राहून अंगणभर नजर फिरवली, सडपातळ पोरगी शोधली आणि धावली.

“लेकरा! माझ्या वासरा! कर्नाटकानं आपली ताटातूट केली गं!”

आणि राजनंदिनीला उराशी कवटाळून मोठ्यानं रडायला लागली.

राजनंदिनी घाबरून ओरडली. सुभद्राबाईंनी एका हातानं मुलगी ओढली, दुसऱ्या हातानं विमलबाईला ढकललं. “कोण गं बया तू? माझी लेक हाय ती! सोड!”

“मी हिची आई!” विमलबाई म्हणाली. माघार घेईल ती जिजाऊ कसली!

“मंग मी कोण?”

त्यावर विमलबाईला संवाद पाठ नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं. सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. एकट्या केशरबाई बघत नव्हत्या; त्यांनी परातीतला एक दिंड शांतपणे तुपात बुडवला.

“द्वारकाबाई,” त्या म्हणाल्या, “तुमची ती झाडाखाली लोळाया लागली, ती. हसून हसून मरंल आता. पाणी द्या कुणीतरी.”

मी उभी राहिले. वर्गात चोरी पकडल्यावर पोरं उभी राहतात, तशीच उभी होते मी, नजर जमिनीला लावून. “काकू, मला बहीण नाही,” मी म्हटलं. “ही माझी भाची नाही. बालगृहातली मुलगी आहे. तिला कुणी नाही. खोटं मी बोलले, तिचा काही दोष नाही. खोलीवरून तिला काढू नका. मला काय बोलायचं ते बोला.”

“झालं?” केशरबाईंनी विचारलं.

“झालं.”

“बसा. दिंड गार होतोय.”

मी उभीच राहिले.

“अवो, मे महिन्यात कोण ऊस तोडतं, बाई? माझी उभी हयात फडात गेली. कारखान्याच्या धुराड्याकडं बगून मी तारीख सांगते. तुमी फाटकाभाईर गेल्याबरोबर मी एवढी हासले, एवढी हासले. आन् दुसऱ्याच दिशी ही आली. एकटीच. म्हणली, काकू, मावशी खोटं बोलली, मला कुणी न्हाई, ठेवायचं तर ठेवा, न्हाईतर आत्ताच सांगा, मी पेटी भरतच न्हाई.”

“मग किल्ली...”

“पोरगी खरं बोलली, तिची खोली तवाच पक्की झाली. राहिलं व्हतं तिच्या घरचं माणूस. म्हणलं, हे कवा खरं बोलतंय ते बगावं. पोरीमागं खरं बोलणारं एक तरी माणूस लागतं का न्हाई? लई वाट बघायला लावली बगा तुमी. वीटभट्टी काय, मिरज काय! आठ-आठ दिवस आमी दोघी वाट बघायचो, आता मावशी काय नवं आणती.”

मी वर्षाराणीकडे वळले. तोपर्यंत ती उठून बसली होती, साडीला माती लागलेली. “आणि तू? तू मला का नाही सांगितलंस? मी इकडे झोपले नाही गं रात्र-रात्र.”

तिनं मेंदीचे हात उलटसुलट करून बघितले.

“खरं सांगितलं असतं तर तुमी नियमानं आला असता,” ती म्हणाली. “महिन्यातनं दोनदा.”

मग विमलबाई मागून म्हणाली, “वैनी, हा लेप पुसू का आता? लई जळजळायला लागलाय.” आणि सगळं अंगण हसायला लागलं, सुभद्राबाईसुद्धा.

परळीचं विचारलं मी केशरबाईंना. देवाला तरी कशाला फसवलंत?

“द्वारकेच्या नावानं कशाला घालीन? अयोध्येच्या नावानं घातला अभिषेक. म्हणलं, देवा, हिला बोलायचं बळ दे.”

मग झोका. मी नको नको म्हणत होते. वर्षाराणी मागून म्हणाली, “घट्ट धरा, मावशी,” आणि तिनं असा काही झोका दिला की निंबाच्या डहाळ्या तोंडावर आल्या, पलीकडच्या घरांचे पत्रे दिसले. खालून बायका ओरडत होत्या, अगं पडशील. मी खाली बघितलंच नाही.

निघताना केशरबाईंनी ओटी भरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. मुराळ्यानं घरी आणून सोडलं. ह्यांनी दार उघडलं, ओटीकडे बघितलं, माझ्या केसांतल्या निंबाच्या पानांकडे बघितलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

३० जुलै

विमलबाई आली. हिरवी इरकल घडी करून आणली होती, पण हातातून सोडेना. मला वैनी म्हणायच्या ऐवजी “अक्का” म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

“भांडी पडलीत, विमलबाई.”

“बहिणीकडनं कुणी भांडी घासून घेतं का, अक्का? द्वारका हाय मी. देवादिकांच्या समोर झालेलं नातं.”

मी घासली. तिनं पुसून ठेवली. इरकल घेऊन गेली.

दुपारी तुळजाबाईंचा फोन आला, महिन्याची चौकशी करायला. मुलीची काही अडचण? म्हटलं, अडचण एकच, तिला नातेवाईक फार झालेत.

आत्ता वर्षाराणीचा मेसेज आलाय: ‘मावशी, रविवारी काय आणता? काकू इचारायल्यात.’ आता खोटं बोलायचं कारणच उरलं नाही, तेव्हा नियमानं मला पुढच्या पंधरवड्यापर्यंत जाता येणार नाही. तसं कळवायला फोन हातात घेतला होता.

पण केशरबाईंनी काशीबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहूनच गेलंय. धाकटी असेल ती. लग्न झालं असेलच. विचार करतेय, काशी सुरतेला द्यावी की हैदराबादला.